कॅमल स्पायडर आणि टॅरॅन्टुला: पाळणाऱ्यांचा घोटाळा नेमका कुठे होतो

टॅरॅन्टुला हा मोठा, केसाळ कोळी वर्षानुवर्षे उत्तम सांभाळलेल्या माणसाच्या हाती कॅमल स्पायडर आला, तर तो सहसा फार दिवस टिकत नाही, आणि त्याला कारण हयगय नसते. त्या माणसाचा अनुभवच आड येतो. दोन्ही प्राणी मोठे, केसाळ, आठ पायांचे आणि काचेच्या पेटीत राहणारे. शिवाय एकाच्या नावातच ‘स्पायडर’ हा शब्द बसलेला. त्यामुळे एकाची पेटी, एकाचे खाणे आणि एकाचे वेळापत्रक दुसऱ्याला सरसकट लावले जाते, आणि प्राणी मेला की ‘ही जात नाजूकच असते’ असा निकाल दिला जातो. मूळ वाळवंटात रात्रभर धावून विंचू आणि सरड्यांची शिकार करणाऱ्या प्राण्याला नाजूक म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे काळाचे गणित निराळे आहे, एवढेच. आणि हे गणितच कुणी समजावून सांगत नाही.

टॅरॅन्टुलाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. ज्याने तो पाळला आहे, त्याला त्याची संथ चाल, महिनोन्‌महिन्यांचे उपास आणि पाठीवर पडून कात टाकण्याची रीत ठाऊक असते. कॅमल स्पायडर मात्र कोळीच नाही. विंचू, गोचीड आणि कोळी ज्या अष्टपाद वर्गात मोडतात त्याच वर्गात तो मोडतो, पण त्याचा गण स्वतंत्र आहे. त्या गणाचे सॉलिफ्यूजी हे नाव १८३३ मध्ये स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ कार्ल याकोब सुंडेवाल यांनी दिले. त्याचा अर्थ ‘सूर्यापासून पळणारे’ असा होतो. या गणात अकराशेहून अधिक जाती आहेत आणि ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका सोडल्यास जगभरच्या उष्ण, कोरड्या प्रदेशांत त्या आढळतात.

दोघांना ओळखण्यात खरे तर अडचण यायला नको. कोळ्याचे शरीर मध्ये बारीक कंबर असलेले आणि पोट सलग, गोलसर असते. कॅमल स्पायडरला कंबर नसते आणि त्याच्या पोटावर खंडांच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. डोक्याच्या पुढे शरीराच्या मानाने अवाढव्य वाटणारे चिमट्यांसारखे दोन जबडे असतात. त्याला दहा पाय आहेत असे जे सांगितले जाते ते चूक आहे. पुढची लांब जोडी म्हणजे पायांसारखे दिसणारे स्पर्शपाद असतात, आणि खऱ्या पायांपैकीही पहिली बारीक जोडी तो चाचपण्यासाठी वापरतो, म्हणजे धावतो तो केवळ सहा पायांवर. कोणताही मोठा, तपकिरी, वेगाने पळणारा कोळी दिसला की त्याला कॅमल स्पायडर ठरवणाऱ्यांनी पोटावरच्या रेषा तेवढ्या पाहाव्यात.

आता दंतकथा, आणि त्या थोडक्यातच. तो उंटाचे पोट फाडून आत अंडी घालत नाही. झोपलेल्या माणसाला भूल देऊन त्याचे मांस खात नाही. अशी भूल त्याच्याकडे नाहीच. तो ताशी चाळीस किलोमीटर पळत नाही. त्याचा कमाल वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास सांगितला जातो, आणि एवढ्याशा जिवाला तो पुष्कळ झाला. तो माणसाचा पाठलाग करतो असे वाटते, कारण उन्हात तो सावली शोधत असतो आणि पळणाऱ्या माणसाची सावली त्या माणसाबरोबरच पळते. इराकमधल्या सैनिकाचे २००४ सालचे छायाचित्र, ज्यात तो मांडीएवढा दिसतो, ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेल्या दोन प्राण्यांचे आहे, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला जबड्यात पकडलेले आहे. मोठ्या जातींचा पायांसह पसारा बारा ते पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो, त्यापुढे नाही. दक्षिण आफ्रिकेत त्याला ‘केस कापणारा’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण तो झोपलेल्यांचे केस कापून बिळात अंथरतो असा तिथला समज आहे. या सगळ्यांत मला ही एकच कथा थोडी आवडते, कारण तिच्यात निदान कुणाचा जीव जात नाही.

विषाचा मुद्दा मात्र दोन वाक्यांत संपवता येत नाही, कारण इथे लोकांची समजूत बरोबर उलटी आहे. टॅरॅन्टुला ‘सौम्य’ म्हणून ओळखला जातो आणि कॅमल स्पायडर ‘विषारी’ म्हणून. प्रत्यक्षात विषाची ग्रंथी टॅरॅन्टुलाला असते. पीसिलोथेरिया या दक्षिण आशियाई झाडावरच्या टॅरॅन्टुलांचा चावा स्नायूंना दीर्घकाळ पेटके आणू शकतो, तर अमेरिका खंडातल्या अनेक जाती पोटावरचे खाजरे केस पायाने उडवतात. कॅमल स्पायडरमध्ये विषग्रंथी सापडल्याचा दावा १९७८ मध्ये भारतातल्या ऱ्हागोडेस निग्रोसिंक्टस या जातीविषयी एका शोधनिबंधात झाला होता, पण त्याला नंतर दुजोरा मिळालेला नाही. त्याच्या चाव्याची वेदना निव्वळ यांत्रिक असते: दोन मजबूत चिमटे कातडी कापतात. जखम साबणाने स्वच्छ धुवावी आणि ती चिघळत नाही ना याकडे लक्ष द्यावे. विष नाही म्हणून तो हाताळायला योग्य ठरतो, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

आता मूळ घोटाळ्याकडे वळू. ‘चावतो का’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘हा आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर माझ्याकडे येतो आहे’ हा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही, आणि कॅमल स्पायडरच्या बाबतीत विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

टॅरॅन्टुलाची मादी वयात आल्यावरही कात टाकत राहते. त्यामुळे तिचे शरीर अधूनमधून नवे होते, तुटलेला पाय पुढच्या कातींत पुन्हा फुटतो, आणि मेक्सिकोतल्या ब्रॅकिपेल्मा वंशाच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात. पाळणारा माणूस या दीर्घ काळाला सरावतो. या आठवड्यात खाणे राहिले तर पुढच्या आठवड्यात देता येते. पेटी बदलायची राहिली तर महिन्याने बदलता येते. प्रत्येक चूक दुरुस्त करायला पुरेसा अवधी हाताशी असतो. नराची गोष्ट वेगळी. त्याची शेवटची कात म्हणजे वयात येण्याची कात. त्यानंतर तो मादीच्या शोधात अस्वस्थपणे फिरतो, शरीराची झीज भरून येत नाही आणि थोड्या काळात तो संपतो. असा वयात आलेला नर विकत घेताना जाणकार माणूस दोनदा विचार करतो.

कॅमल स्पायडरच्या बाबतीत प्रत्येक प्रौढ, मग तो नर असो वा मादी, या वयात आलेल्या नर टॅरॅन्टुलासारखाच असतो. पिलू अनेक वेळा कात टाकत वाढते, पण प्रौढ झाल्यावर कात टाकणे कायमचे थांबते. बहुतेक जातींचे आयुष्य वर्षभराच्या आसपासचे मानले जाते आणि त्यातला मोठा भाग वाढण्यातच जातो. विक्रीला येतो तो मात्र प्रौढच, कारण तो मोठा दिसतो, भीतीदायक दिसतो आणि रात्री उघड्यावर हिंडत असल्यामुळे पकडायलाही सोपा जातो. म्हणजे घेणाऱ्याच्या हाती बहुधा आयुष्याचा अखेरचा हंगाम पडतो, आणि त्यातले काही आठवडे पकडण्यात व प्रवासात आधीच खर्ची पडलेले असतात. वाटेत मोडलेला पाय त्याला पुन्हा येणार नसतो. दोन महिन्यांनी तो मेला तर त्यात पाळणाऱ्याची चूक असेलच असे नाही. वय झालेले असणे हेही पुरेसे कारण आहे. पण ज्याने टॅरॅन्टुलाच्या मापाने वीस वर्षांची कल्पना केलेली असते, तो आधी स्वतःला दोष देतो, मग विक्रेत्याला, आणि त्यानंतर पुन्हा एक प्रौढ प्राणी विकत घेतो. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चीड येते ती या शेवटच्या पायरीची.

हाच फरक श्वासातही दिसतो. टॅरॅन्टुला पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या दोन जोड फुप्फुसांनी श्वास घेतो. प्राणवायू रक्तात मिसळतो आणि मग शरीरभर जातो. ही व्यवस्था स्वस्थ बसून राहण्यासाठी उत्तम, पण थोड्या धावण्यानेही दमवणारी. कॅमल स्पायडरच्या शरीरात कीटकांप्रमाणे श्वासनलिकांचे दाट जाळे असते आणि प्राणवायू त्यातून थेट स्नायूंपर्यंत पोचतो. एक जण दबा धरून वाट पाहणारा, तर दुसरा रात्रभर पायपीट करून भक्ष्य हुडकणारा. धावण्याची ही ताकद अन्नावर चालते. म्हणून ‘आठवड्याला एक रातकिडा पुरे’ हा टॅरॅन्टुलाचा नियम वाढत्या कॅमल स्पायडरला उपाशी मारू शकतो. उलट पुढ्यात येईल तितके खाऊन पोट इतके फुगवायचे की चालताही येऊ नये, हेही त्याला जमते. अंडी घालण्याआधी मादी असे खाते तेव्हा ते तिच्या कामाचेच असते; एरवी मात्र पोटाकडे पाहून हात आखडता घ्यावा लागतो.

खाणे नाकारण्याचा अर्थही याच कारणाने बदलतो. टॅरॅन्टुलाने तीन महिने अन्न नाकारले तर अनुभवी माणूस पाण्याची वाटी भरतो आणि स्वस्थ राहतो. कॅमल स्पायडरचे पिलू खाईनासे झाले, सुस्तावले आणि बिळात दडून बसले, तर ते बहुधा कातीच्या तयारीत असते आणि त्याला हात न लावणेच बरे. पण प्रौढाने खाणे सोडले तर कातीची वाट पाहण्यात काहीच अर्थ नसतो. ‘कात टाकत असेल’ म्हणून मेलेल्या प्राण्याशेजारी वाट पाहत बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हसण्याचे धाडस मला होत नाही, कारण टॅरॅन्टुलाने त्यांना तेच शिकवलेले असते.

पेटीबद्दल थोडे. कॅमल स्पायडरला खोल माती लागते, कारण तो सतत उकरतो आणि जागा पसंत पडली नाही तर दुसरे बीळ काढतो. माती कोरडी, पण दाबली असता बिळाचा आकार टिकवणारी असावी. निव्वळ सुटी वाळू शोभेला ठीक, बिळाला निरुपयोगी. काचेवर त्याला चढता येणार नाही असे समजू नये: स्पर्शपादांच्या टोकाला चिकटणारे अवयव असतात आणि त्यांच्या आधारे तो गुळगुळीत पृष्ठभागावरही चढतो. झाकण घट्ट हवेच. प्रखर दिवा लावून त्याला ‘दिसता’ ठेवण्याचा हट्ट तर सोडूनच द्यावा. ज्याच्या गणाच्या नावातच सूर्यापासून पळणे आहे, त्याला उजेडात बसवून काय पाहायचे? दोघांना एका पेटीत ठेवले तर थोड्याच वेळात एक उरतो.

व्यापाराच्या बाजूनेही दोघे सारखे नाहीत. टॅरॅन्टुलाच्या अनेक जाती बंदिवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या जातात, आणि ब्रॅकिपेल्मासारख्या वंशांचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रितही आहे. कॅमल स्पायडर अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत वाढवणे फार थोड्यांना साधले आहे, त्यामुळे विक्रीला येणारा जवळजवळ प्रत्येक प्राणी निसर्गातून उचललेला असतो. म्हणून माझे मत सरळ आहे: ज्याला मोठा अष्टपाद पाळायचा आहे त्याने बंदिवासात जन्मलेले, संथ जातीचे टॅरॅन्टुलाचे पिलू घ्यावे आणि कॅमल स्पायडर वाळवंटात राहू द्यावा. विंचवाशी त्याची झुंज लावून चित्रफिती काढणाऱ्यांविषयी लिहायला मला सभ्य शब्द सापडत नाहीत.

तरीही एखादा आधीच घरी आला असेल, तर त्याला हातावर घेऊ नये; तो माणसाळत नाही आणि त्याला तशी गरजही नाही. संध्याकाळनंतर मंद उजेडात त्याचे भक्ष्य टिपणे पाहावे: एक जबडा पकडून ठेवतो आणि दुसरा कापतो, आणि हे आलटून पालटून इतक्या झपाट्याने चालते की चावण्याचा बारीक कर्रकर्र आवाज पेटीबाहेर ऐकू येतो. फुगलेल्या पोटाची मादी बिळात शिरून तोंड मातीने बंद करून बसली, तर आत ती बहुधा अंडी घालत असते. ती मेली की जिवंत आहे हे पाहण्यासाठी बीळ उकरू नये.