एकाच सॉकेटात बसणाऱ्या ट्यूब्स: अदलाबदलीमागची गोष्ट

किटमधून बांधलेला ट्यूब अँप, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब्सवर चालणारा अँप्लिफायर, नीट वाजायला लागला की पुढचा विचार येतोच, त्यातली ईएल३४ ही आउटपुट ट्यूब काढून केटी८८ लावली तर? किंवा ६एल६? तिन्ही एकाच सॉकेटात बसतात, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण बसतात म्हणजे चालतातच असं नाही आणि ते का, हे कळायला १९३० च्या दशकात जावं लागतं.

आठ पिनांचं ऑक्टल सॉकेट १९३५ मध्ये अमेरिकेत आलं, धातूच्या कवचाच्या नव्या ट्यूब्सबरोबर. त्या ट्यूब्समध्ये एक नंबरची पिन कवचाला जोडलेली असायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास पेटंटची ओढाताण चालू होती. ट्यूबमध्ये तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन ग्रिड म्हणजे जाळ्यांमधून प्लेटकडे जातात. दोन ग्रिडच्या साध्या टेट्रोडमध्ये प्लेटवर आदळणारे इलेक्ट्रॉन तिथून आणखी इलेक्ट्रॉन उडवायचे, ते प्लेटलगतच्या स्क्रीन ग्रिडकडे पळायचे आणि करंटच्या कर्व्हमध्ये मधेच खळगा पडायचा. फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेन यांनी १९२६ मध्ये आणखी एक ग्रिड घालून तो घालवला, तो पेंटोड. पेटंट फिलिप्सकडे असल्याने ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीच्या लोकांनी ती ग्रिड टाळून इलेक्ट्रॉनचा झोत बांधला आणि तेच काम साधलं. त्या वाटेने १९३६ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची ६एल६ आली आणि पाठोपाठ ब्रिटनची केटी६६, केटी म्हणजे किंकलेस टेट्रोड, तो खळगा नसलेला. ईएल३४ मात्र फिलिप्स आणि मुलार्ड या कंपन्यांकडची, खरी पेंटोड, आणि तिच्यात एक नंबरच्या पिनेवर ती तिसरी ग्रिडच बाहेर काढलेली आहे. म्हणून ६एल६ साठी वायर केलेल्या सॉकेटात ईएल३४ लावायची तर एक आणि आठ (कॅथोडची) नंबरच्या पिना एका छोट्या वायरने जोडाव्याच लागतात, नाहीतर ती ग्रिड अधांतरी राहते. दोन सोल्डर जॉइंटचं काम आहे, पण त्यामागे दोन वेगळी घराणी आहेत.

अदलाबदल सुरू झाली ती हौसेने नाही तर गरजेने, असं मला वाटतं. १९४७ मध्ये ब्रिटिश इंजिनिअर विल्यमसनचा अँप 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापून आला, दोन केटी६६ ट्रायोडसारख्या (स्क्रीन ग्रिड प्लेटलाच) जोडलेल्या, आणि घरी बांधणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. तोच अँप १९४९ मध्ये अमेरिकन रूपात आला तेव्हा त्यात केटी६६ ऐवजी ८०७ होती, म्हणजे ६एल६ चंच ट्रान्समीटरसाठी केलेलं भावंड, पाच पिनांचं, प्लेटची वायर डोक्यावर. सॉकेटसुद्धा बदलावं लागलं तरी लोकांनी बांधलाच.

मग १९५१ मध्ये हॅफलर आणि केरोस यांनी अल्ट्रालिनियर जोडणी मांडली, स्क्रीन ग्रिड आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपला, म्हणजे वाइंडिंगच्या मधून काढलेल्या वायरला. आवाज सुधारला, पण स्क्रीनवर आता जवळजवळ प्लेटइतकाच व्होल्टेज येऊ लागला आणि इथे जुन्या ट्यूब्स अडकतात. मूळ ६एल६ ची स्क्रीन २७० व्होल्टपर्यंतची आणि प्लेट १९ वॉटची, नंतरची ६एल६जीसी ४५० व्होल्ट आणि ३० वॉट. नाव तेच, अंगातली ताकद वेगळी, म्हणून जुनी ट्यूब हातात आली की शेवटची अक्षरं आधी वाचायची.

याच हॅफलर यांच्या डायनाको कंपनीने किटला घराघरात नेलं. १९५५ च्या मार्क टू अँपमध्ये ईएल३४ होत्या, १९५७ च्या मार्क थ्रीमध्ये केटी८८ चा वर्ग आला तेव्हा त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही नवा दिला, नुसत्या ट्यूब्स बदलून भागवलं नाही, आणि मला ही फार बोलकी गोष्ट वाटते. १९५९ च्या स्टिरिओ ७० मध्ये परत चार ईएल३४, चॅनेलला ३५ वॉट. त्यात केटी८८ लावल्या तरी वॉट फारसे वाढत नाहीत कारण पॉवर सप्लाय आणि ट्रान्सफॉर्मर तेच राहतात.

कॅथोड तापवणाऱ्या हीटरचं गणित तर लोक विसरतातच. ६एल६ ला ०.९ अँपिअर, ईएल३४ ला १.५, केटी८८ ला १.६. म्हणजे चार ६एल६ च्या जागी चार केटी८८ लावल्या की ३.६ चे ६.४ होतात आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर तापायला लागतो. ईएल३४ वरून केटी८८ कडे जाताना हा फरक किरकोळ, ६एल६ वरून नाही. बायस मात्र प्रत्येक वेळी नव्याने लावायचाच, कारण तेवढ्याच करंटसाठी प्रत्येक जातीला ग्रिडवर वेगळा निगेटिव्ह व्होल्टेज लागतो, आणि तो कमी पडला तर अंधारात प्लेट लाल झालेली दिसते, तेव्हा लगेच बंद करायचं. कॅथोड बायसचा अँप (ज्यात कॅथोडला लावलेला रेझिस्टरच बायस ठरवतो) स्वतःला थोडं सांभाळून घेतो, पण त्याचा रेझिस्टरही एका जातीसाठीच निवडलेला असतो.

ट्रान्झिस्टर आल्यावर पश्चिमेकडचे मोठे कारखाने एकेक करत बंद पडले आणि काम रशिया, स्लोव्हाकिया, चीनकडे गेलं. मग जुन्या साठ्यातली ट्यूब आणि नव्या कारखान्यातली ट्यूब यांची तुलना हाच वेगळा छंद झाला, आणि केटी१२०, केटी१५० अशा जुन्या काळी नसलेल्या मोठ्या ट्यूब्सही त्याच ऑक्टल बेसवर निघाल्या. आता बऱ्याच किटमध्ये एक-आठची जोडणी आधीच दिलेली असते आणि प्रत्येक ट्यूबला वेगळा बायस पॉट (फिरवून बायस लावायचा रेझिस्टर) आणि मीटर लावायला टेस्ट पॉइंट, म्हणजे बनवणाऱ्याने अदलाबदल गृहीतच धरलेली. तरी त्या किटच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या ट्यूब्स चालतील ते लिहिलेलं असतं, आणि ती यादी ठरवताना हीटरच्या वाइंडिंगचाही विचार करावा लागतो.