उतार नसलेली पन्हळ

हिंदमाताला पाणी तुंबलं की मुंबईकर लगेच उताराचा हिशोब मांडतो: भाग सखल, त्यात समुद्राला भरती, मग पाणी जाणार कुठे? पण अंतराळस्थानकावर उतार ही भानगडच नसते. तिथे उघड्या पन्हळीतून द्रव वाहतो तरी कसा?

२०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर राहून आले, तेव्हा ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ हे पुन्हा ऐकायला मिळालं. चारशे किलोमीटरवर ते जवळपास नव्वद टक्के शिल्लक असतं. स्थानक आणि त्यातलं पाणी सोबतच पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही, इतकंच.

वजन बाजूला झालं की राज्य पृष्ठताणाचं, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून धरणाऱ्या ओढीचं. जमिनीवर पाण्याच्या बाबतीत त्याची सत्ता दोन-तीन मिलिमीटरपुरती. (२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती ‘दूध प्यायला’, तेव्हा चमच्याच्या काठावरून दूध ओढणारा हाच. रांगा मात्र देवळांबाहेर लागल्या.) वजनरहित अवस्थेत तो द्रवाला अरुंद कोपऱ्यातून हवं तितकं लांब नेतो. अट एकच, काँकस आणि फिन या गणितींनी १९६९ मध्ये मांडलेली: कोपऱ्याचा निम्मा कोन आणि द्रवाचा स्पर्शकोन (त्याचा पृष्ठभाग भिंतीला ज्या कोनात टेकतो तो) यांची बेरीज नव्वद अंशांहून कमी हवी. उपग्रहाच्या टाकीतलं इंधन पातळ पट्ट्यांच्या आधाराने तोंडापर्यंत येतं ते याच ओढीने.

खरी गंमत पंप लावल्यावर. दोन समांतर पट्ट्या घ्या, त्यांच्यामध्ये द्रव आणि एक कड उघडी. द्रव वेगाने ओढला की वाटेत दाब उतरतो. तो दाब सांभाळायला उघडा पृष्ठभाग आत वाकतो. वाकला की वाट अरुंद होते, वेग आणखी वाढतो, दाब आणखी उतरतो. पण पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून लहान त्रिज्येचा बाक तिथे बसतच नाही. शिवाय द्रवाचा वेग पृष्ठभागावरच्या लहरींच्या वेगाला गाठतो, तेव्हा पुढची खबर लहरींवाटे मागे पोचेनाशी होते. पंप जोर करतो, पण मागून जास्त द्रव येत नाही. पृष्ठभाग फुटतो आणि हवा आत शिरते. वायू अरुंद नळीत ध्वनीच्या वेगाला अडकतो, त्याचंच हे भावंड.

जर्मनीतल्या ब्रेमेनच्या मनोऱ्यात वस्तू खाली सोडून असे प्रयोग होत, पण वजनरहित वेळ मिळे पाचेक सेकंद. २०११ पासून ब्रेमेन आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संशोधकांनी हेच स्थानकावर निवांत मोजलं. पाचरीच्या आकाराच्या पन्हळीत त्यांनी मुद्दाम बुडबुडेही सोडले. अरुंद कोपऱ्यात बुडबुडा चेपला जातो, म्हणून ऐसपैस जागेकडे, उघड्या बाजूला सरकतो आणि तिथे फुटून निघून जातो.