मालवण दर्शन

मालवण दर्शन म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवणात मुक्काम टाकून किल्ला, बीच, खाडी, देवळं आणि मासे (हो, मासे हा पण एक पॉइंटच धरायचा) असं सगळं एक-दोन-तीन दिवसांत बघून येणं. लॉजवाले आणि रिक्षावाले याला 'साइटसीन' म्हणतात आणि त्यांची यादी ठरलेली असते: सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, जय गणेश मंदिर, तारकर्ली, देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड, स्कूबा, आणि वेळ उरला तर धामापूर नाहीतर निवती-भोगवे. यादी सगळ्यांची तीच असते पण कुठला पॉइंट कधी करायचा हे समुद्र ठरवतो, गाडीवाला नाही, आणि हे ज्याच्या लक्षात येत नाही तो भर दुपारी किल्ल्यात भाजून निघतो आणि भरतीच्या वेळी त्सुनामी आयलंड शोधत बसतो.

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि 1997 मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. पुढच्याच वर्षी, 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि खरा फरक त्याने पडला. त्याआधी मुंबईहून मालवण म्हणजे रात्रभर एसटीत अंग मोडून घ्यायचं, त्यामुळे येणारे बहुतेक चाकरमानीच, म्हणजे स्वतःच्याच घरी येणारे. आता मालवणात स्वतःचं स्टेशन नाही तरी कुडाळला उतरून तासाभरात पोचता येतं, कणकवली किंवा सिंधुदुर्गनगरीला उतरलात तरी चालतं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीकडची मंडळी फोंडा घाट, गगनबावडा नाहीतर आंबोलीने उतरतात आणि त्यातले बरेच जण सकाळी येऊन रात्री परत असा बेत करतात, जो माझ्या मते पेट्रोलची नासाडी आहे पण असो.

भरती, सुकती आणि वारा

मालवणचा दिवस दोन गोष्टींवर चालतो. एक म्हणजे वारा. सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहत असतात, किनाऱ्यालगत पाणी शांत असतं, म्हणून डॉल्फिन बघायचे, किल्ल्याची बोट पकडायची, स्कूबा करायचं ते सगळं सकाळीच. दुपार झाली की खारे वारे सुटतात, पाणी हलायला लागतं आणि ज्यांना बस लागते त्यांना होडी दुप्पट लागते.

दुसरी गोष्ट भरती-सुकतीची (सुकती म्हणजे ओहोटी). यासाठी कोकणातल्या म्हाताऱ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी म्हणजे नऊच्या आसपास पूर्ण सुकती. एकादशीला सव्वाआठला भरती आणि दुपारी दोन-सव्वादोनला सुकती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती, आणि त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त, खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण ट्रिप ठरवायला एवढं पुरतं आणि नेट नसलं तरी चालतं, घरात कालनिर्णय टांगलेलं असलं की झालं.

याचा उपयोग सगळ्यात जास्त देवबागला होतो. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशी मध्ये उरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी तर घराच्या पुढच्या दारातून समुद्र ऐकू येतो आणि मागच्या दारी खाडीत होडी बांधलेली. या पट्टीच्या टोकाला संगम, आणि तिथेच खाडीत वाळूचा तो पट्टा ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. 2004 च्या त्सुनामीत वर आलं अशी कथा होडीवाले रंगवून सांगतात. खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळू साचून असे पट्टे तयार होतातच आणि ते सरकतात पण. सुकतीला त्यावर चहा-वडापावचे स्टॉल, बनाना राइड, जेटस्की असा सगळा बाजार भरतो आणि भरती चढायला लागली की स्टॉलवाले पाण्यात उभे राहून सामान आवरतात. भरतीला गेलात तर बघायला फक्त गुडघाभर पाणी.

सिंधुदुर्ग किल्ला

मालवणात येऊन किल्ला न बघता गेला असा माणूस नसावा. कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी बांधकामाला सुरुवात केली आणि 1667 मध्ये तो पुरा झाला, बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं. जंजिऱ्याचा सिद्दी काही केल्या हटत नव्हता आणि समुद्रावर इंग्रज-पोर्तुगीज होतेच, तेव्हा आरमाराला स्वतःचं भक्कम ठाणं हवं होतं. भूमिपूजन झालं ती जागा, मोरयाचा धोंडा, बेटावर नाही तर मालवणच्या किनाऱ्यावर आहे आणि गंमत म्हणजे बहुतेक पर्यटक ती न बघताच बोटीत बसतात.

बंदर जेटीवरून बोट सुटते. तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट घालायचं (ओलं असतं, वास येतो, तरी घालायचं), बोट भरेपर्यंत थांबायचं. समोर किल्ला इतका जवळ दिसतो की पोहत जाऊ असं वाटतं, पण मध्ये खडकच खडक आहेत आणि बोटवाला सरळ न जाता वळणावळणाने नेतो ते उगाच नाही, ही खडकांची रांगच किल्ल्याची पहिली तटबंदी होती. अगदी जवळ पोचेपर्यंत दरवाजा दिसत नाही. समोर नुसता काळा तट, मग दोन बुरुजांच्या मध्ये वळण घेऊन आत शिरल्यावर अचानक दार. परक्या जहाजाला तोफ नेमकी कुठे डागायची तेच कळू नये अशी ती रचना.

आत 48 एकर जागा आहे आणि तट सुमारे 3 किलोमीटर फिरतो. बोटवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि तेवढ्यात शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी एवढं उरकतं. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं, आतली महाराजांची मूर्ती आपल्याला सवय असलेल्या चित्रासारखी नाही, दाढी नसलेली, बसलेली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरींना गोडं पाणी, यावर प्रत्येक गाइड थांबतोच आणि थांबायलाच हवं. दोन फांद्या फुटलेल्या माडाची गोष्ट पण सांगतात, तो माड आता राहिला नाही. तटावरून पूर्ण फेरी मारायची असेल तर बोटवाल्याला आधीच सांगून पुढच्या बोटीने यायचं ठरवा, नाहीतर आपण तिकडच्या टोकाला आणि इकडे बोटवाला शिट्ट्या मारतोय. किल्ल्यात आजही मोजकी घरं आहेत. त्यांच्या दारात कोकम सरबत मिळतं, उन्हात ते देवासारखं वाटतं.

1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं होतं, ते टिकलं नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात सिंधुदुर्ग आहे आणि जिल्ह्यातला विजयदुर्गही आहे. मालवणच्या बाजूलाच पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे छोटे किल्ले म्हणजे मोठ्या किल्ल्याचे पहारेकरी. राजकोटला 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनाच्या वेळी उभा केलेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, त्यावरून राज्यभर गदारोळ झाला, मग नव्या पुतळ्याचं 11 मे 2025 ला अनावरण झालं. आता राजकोटही साइटसीनच्या यादीत पक्कं झालंय.

स्कूबा

मालवणचं नाव घरोघरी पोचलं त्यात किल्ल्याइतकाच हात स्कूबाचा. किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, आणि पाणी फार खोल नाही, त्यामुळे पोहता न येणारा माणूसही करू शकतो. प्रकार असा की होडीतून स्पॉटवर नेतात, सूट चढवतात, तोंडाने श्वास घ्यायची पाच मिनिटं प्रॅक्टिस, हाताच्या खुणा शिकवतात (अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'मला वर घ्या'), आणि मग इन्स्ट्रक्टर मागून धरून खाली नेतो. आपण काही करायचं नसतं, फक्त घाबरायचं नाही आणि नाकाने श्वास घ्यायचा नाही. मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकतात, व्हिडिओत मासे घोळक्याने येतात ते त्यामुळे. पाव हे काही त्यांचं खाणं नाही आणि हा प्रकार बंद झाला तर बरं. ज्यांना नीट शिकायचंय, सर्टिफिकेट घ्यायचंय त्यांच्यासाठी एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) स्कूबा डायव्हिंगची संस्था तारकर्लीला आहे.

पाणी नितळ मिळतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. ऑक्टोबरात पावसाचा गाळ पूर्ण बसलेला नसतो, मे मध्ये लाट वाढते. चांगला होडीवाला सरळ सांगतो, "आज पानी गढूळ आसा, उद्या येवा", आणि असा माणूस भेटला तर त्याचं ऐकावं. 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेही सीझन संपता संपता.

किनाऱ्यालगतचा 29.12 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. स्थानिक मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध, कारण मासेमारीवर बंधनं येतील ही भीती. पर्यटकाला हे काही दिसत नाही पण ज्याच्या होडीत आपण बसलोय तो बऱ्याचदा मूळचा मच्छीमारच असतो, पर्ससीनच्या (मोठ्या घेराच्या जाळ्याच्या) आणि एलईडी दिव्यांच्या बोटींनी मासळी ओढून नेली म्हणून तो आता लाइफ जॅकेट विकत घेऊन बसलाय, असंही बरेच जण बोलून दाखवतात.

रापण, लिलाव आणि ताट

यादीत नसलेला पण सगळ्यात भारी पॉइंट म्हणजे रापण. पहाटे-सकाळी दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग कुठल्याही किनाऱ्यावर फिरायला गेलात तर दिसू शकते. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धगोल फिरते, जाळं सोडत सोडत दुसरं टोक लांब किनाऱ्यावर आणते, आणि मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागून ओढायला सुरुवात. तासभर तरी चालतं. रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकत येतात, वर घारी आणि बगळे जमतात, शेवटी जाळ्याचा खोळ वाळूवर येतो तेव्हा आत कधी बांगड्याचा ढीग तर कधी नुसते खेकडे आणि प्लास्टिक. मासळीचे वाटे पडतात, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, माणसांचे वेगळे. पर्यटकाने दोर धरला तर कोणी नको म्हणत नाही, मात्र फोटोसाठी दोन मिनिटं धरून सोडू नये, धरला तर ओढावा. संध्याकाळी बोटी लागल्या की बंदरावर लिलाव असतो, तिथे मात्र बाजूला उभं राहावं, कामाच्या मध्ये येऊ नये.

मग जेवण. सुरमई थाळी सगळीकडे मिळते आणि सगळे तीच मागवतात. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, मोरीचं (छोट्या शार्कचं) मटण हे घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर मिळतं. कोंबडी-वडे रात्रीला. सकाळी घावणे-चटणी, नशीब असेल तर शिरवाळे आणि नारळाचा रस. सोमवारी आणि श्रावणात बऱ्याच घरात मासे शिजत नाहीत, जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे राहायचं बुकिंग करताना विचारून घ्यावं. एमटीडीसीच्या निवास-न्याहारी योजनेमुळे तारकर्ली-देवबागला घरातच खोल्या काढलेले खूप जण आहेत आणि हॉटेलपेक्षा तिथेच जेवण बरं असतं, हे माझं ठाम मत.

समुद्र सोडून

धामापूरचा तलाव कुडाळ रस्त्याला, 1530 सालचा, काठावर भगवती मंदिर, चारी बाजूंनी डोंगर आणि झाडी. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. उन्हातून आल्यावर इथे अर्धा तास बसलं तरी पुरे. आचऱ्याचं रामेश्वर मंदिर, देवगडकडे गेलात तर कुणकेश्वर. दक्षिणेला वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटातल्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात, तिथे इंजिनाचा आवाज नाही त्यामुळे पक्षी उडून जात नाहीत.

बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, किल्ला तेव्हा किनाऱ्यावरूनच बघायचा. डिसेंबरअखेर आणि मे मध्ये खोलीचे दर दुप्पट, त्यात मे मध्ये चाकरमानी पण आलेले, तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावर गाडीला गाडी लागते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते, आणि ती जाहीर झाली की रेल्वेची तिकिटं आणि मालवणातल्या खोल्या दोन्ही गायब. आचऱ्याला दर चार वर्षांनी गावपळण असते, देवाचा कौल घेऊन अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. त्या दिवसांत आचऱ्यात खोली मिळणार नाही कारण ती द्यायला गावात कोणी नसतं, वेशीबाहेरच्या झोपड्यांत मात्र रात्री भजनं आणि फुगड्या रंगतात.