सोरायसिस शिवल्याने पसरत नाही

"तिचा टॉवेल वेगळा ठेवा, सगळ्यांना लागेल." सोरायसिस हा त्वचेचा आजार झालेल्या सुनेबद्दल, आत्याबद्दल हे वाक्य आजही ऐकू येतं. ते साफ चूक आहे, आणि त्याने माणूस आजारापेक्षा जास्त खचतो. सोरायसिस हा जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो कुणालाही होत नाही.

मग होतं काय? निरोगी त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. इथे रोगप्रतिकारशक्ती चुकीचे इशारे देते आणि तेच काम काही दिवसांत उरकतं. जुन्या पेशी झडायच्या आत नव्या वर येतात. कोपरावर, गुडघ्यावर, केसांत जाड चट्टे उठतात, त्यांवर चंदेरी खपल्या साठतात. काळ्या ब्लाउजच्या खांद्यावर पडलेला तो भुगा लोकांना कोंडा वाटतो.

"रक्त बिघडलंय" म्हणून जुलाब घेणंही व्यर्थ. त्याहून घातक म्हणजे बिननावाची पुडी. तिच्यात स्टेरॉइड असेल तर त्वचा पटकन लख्ख होते. पुडी अचानक थांबवली की आजार उसळतो, कधी अंगभर पूचे फोड येतात.

हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. अंघोळीनंतर ओलसर अंगावर व्हॅसलीन, त्वचारोगतज्ज्ञांची मलमं, प्रकाशोपचार, गरज पडल्यास गोळ्या-इंजेक्शनं. त्यांतली मेथोट्रेक्सेट नावाची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. सकाळी बोटं आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, सोरायसिस सांध्यांतही उतरतो.