त्सिगॉयनरवायझन : ध्वनिमुद्रणांचे तौलनिक श्रवण, बडोदे

स्पॅनिश व्हायोलिनवादक पाब्लो द सारासाते (१८४४–१९०८) यांनी १८७८ मध्ये रचलेली, व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची सुमारे आठ-नऊ मिनिटांची रचना. जर्मन नावाचा अर्थ ‘जिप्सी धुना’. वादकाची सगळी तयारी पणाला लावणारी म्हणून ती प्रसिद्ध आहे. स्वर कागदावर ठरलेले असल्याने वादकावादकांतला फरक कशात असतो, हे ऐकून शोधायला ती फार चांगली.

बडोद्याच्या मराठी श्रोत्याला हा प्रश्न परका वाटू नये. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाचा आग्रह धरला. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही याच शहरात भरली. लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष लागलेला स्वर यांत किती अंतर असते, याचा विचार येथे जुना आहे. रचनेचा घाटही ओळखीचा वाटतो. मध्य युरोपातील चारदाश नृत्याप्रमाणे आधी संथ, मग द्रुत अशी तिची चाल आहे; चार भागांपैकी पहिले तीन संथ, चौथा द्रुत. त्यात कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद जागोजाग एकत्र येतात. कान आधी मधुवंती रागाकडे धावतो, पण कोमल धैवत त्याला अडवतो. कर्नाटक पद्धतीतील सिंहेन्द्रमध्यम याला अधिक जवळचा. अर्थात हे केवळ स्वरांचे साम्य. ही रागाची मांडणी नव्हे.

तुलना सुरू करण्यापूर्वी एक पडताळा आवश्यक आहे. जुनी तबकडी योग्य वेगाने फिरवली नसेल तर लय आणि पट्टी दोन्ही बदलतात. अर्ध्या स्वराने पट्टी चढली की लय सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. रचनेचा आरंभ पेटीच्या पांढरी एकमध्ये आणि शेवटचा द्रुत भाग पांढरी सहामध्ये आहे. घरातल्या पेटीवर षड्ज मिळवून पाहावा. हे न करता ‘अमक्याची द्रुत लय जास्त’ असे म्हणणे अन्यायाचे ठरते.

सारासाते यांनी स्वतः १९०४ मध्ये पियानोच्या साथीने ही रचना ध्वनिमुद्रित केली. त्यांचा सूर हलका आणि स्वच्छ आहे, कंप (बोट हलवून स्वराला दिलेला हेलकावा) अगदी बारीक आहे, द्रुत भाग तर श्वास घेऊ देत नाही. दुसऱ्या भागानंतर मध्येच कोणी बोललेले ऐकू येते. तो आवाज त्यांचाच मानला जातो. तिसरा भाग मात्र त्यांनी गाळला आहे. तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटांहून फारसे मावत नसे. फैयाज खाँ (मृत्यू १९५०, बडोदे) यांची बंदिश तीन मिनिटांच्या तबकडीवर ऐकलेल्यांना ही कोंडी समजावून सांगायला नको. रचनाकाराचे वादनही पूर्ण नाही, म्हणून ‘मूळ बरहुकूम’ हा निकष येथे अपुरा पडतो.

यशा हायफेट्झ यांचे जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखालील १९३७ चे ध्वनिमुद्रण आणि विल्यम स्टाइनबर्ग यांच्यासोबतचे १९५१ चे, ही दोन्ही शेजारी ठेवून ऐकावीत. त्यांचा कंप घट्ट आणि तापलेला आहे, स्वरावर येण्याची घसीट नेमकी आहे. मायकेल रॅबिन यांनी फेलिक्स स्लॅटकिन यांच्यासोबत वाजवताना सूर रुंद, भरदार ठेवला आहे. इट्झाक पर्लमन यांचे आन्द्रे प्रेव्हिन यांच्याबरोबरचे वादन उबदार आहे. आन-सोफी मुटर (जेम्स लेव्हाइन, व्हिएन्ना फिलहार्मोनिक) लय मोकळी सोडतात.

आपल्याकडचा वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचे टोक पायावर टेकवतो. हात वाद्याचा भार पेलत नाही, म्हणून तारेवर मोकळेपणाने सरकतो आणि मींड सहज निघते. ती रागाची गरजच आहे. पाश्चात्त्य वादकाला घसीट घ्यायची की टाळायची, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सर्रास असे, पुढे कमी होत गेली. मींडीवर वाढलेला कान हा बदल चटकन टिपतो, आणि याच बाबतीत आपल्या श्रोत्याचे मत ऐकण्यासारखे असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

द्रुत भागात डाव्या हाताच्या बोटांनी तार छेडण्याचे काम आहे. तयारी तिथे दिसते खरी, पण वादकावादकांतला भेद तितका कळत नाही. तो ऐकावा तिसऱ्या भागात, जिथे तारांवर अवरोधक बसवून आवाज मंद करतात. हंगेरियन रचनाकार एलेमेर सेंटिर्माय यांची ही धून सारासाते यांनी लोकगीत समजून घेतली होती. वादक त्या धूनेच्या शेवटच्या स्वराआधी किती थांबतो, तेवढेच दोन-तीन ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकावे.