दहाची पेज

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात आजीचा दिवस पेजेभोवती फिरायचा. सकाळी चहा, दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-हुमण (माशांची आमटी), चारला परत चहा आणि दिवेलागणीनंतर तासाभरात रात्रीचं जेवण. पेजेबरोबर कालचं आटवलेलं हुमण किंवा मिठात मुरलेलं तोर, म्हणजे कैरी. घरात कुणी दोन जिवांची असली की तिची पेज आधी वाढली जाई. शेतावरची माणसं मागाहून.

आता माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे. रात्री जेवायला दहा वाजतात. सकाळी सातची बस, पोटात फक्त चहा, आणि कंपनीतली जेवणाची सुट्टी दुपारी एकला. म्हणजे मधले पंधरा तास जवळपास कोरडे. ती पुरेसं खाते, पण खाण्याची घडी विस्कटली आहे. मला काळजी वाटते ती याचीच.

ही काळजी वैद्यकशास्त्रालाही जुनीच. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून (प्लासेंटा) सुटणारी संप्रेरकं आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे जेवणानंतर साखर चढते. उलट, पोट रिकामं राहिलं की बाळाचं घेणं चालूच असतं, त्यामुळे आईची साखर लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळू लागतं. शिकागोचे नॉर्बर्ट फ्रिंकेल यांनी याला ‘झपाट्याची उपासमार’ अशा अर्थाचं नाव दिलं. 1982 साली त्यांच्या गटाने गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या निरोगी बायकांना रात्रीच्या जेवणानंतर नाश्ता न देता 18 तासांपर्यंत उपाशी ठेवलं. गरोदर नसलेल्या बायकांपेक्षा त्यांची साखर जास्त खाली गेली आणि चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात जास्त वाढले. चतुर्थी-एकादशीचा उपास धरणाऱ्या गर्भारशीला डॉक्टर का अडवतात, ते यावरून कळतं.

पुढे नजर रात्रीकडे वळली. सिंगापूरच्या एका मोठ्या अभ्यासात 2017 साली दिसलं की 26 ते 28 आठवड्यांच्या गरोदर बायकांत रात्रीचा उपाशी काळ जितका लांब, तितकी सकाळची उपाशीपोटीची साखर थोडी कमी. दिवसातून जास्त वेळा खाणाऱ्यांची ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनंतरची साखर मात्र जास्त. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय फरक लहान. तरी ‘सारखं थोडं थोडं खात राहा’ हा सल्ला डोळे झाकून देता येत नाही, एवढं मला पटलं.

भारतात वेळेचा प्रश्न गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीतही आडवा आला. उपाशीपोटी या म्हटलं की सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून पहिली बस धरणाऱ्या बाईचे हाल होतात, आणि परत या म्हटलं तर ती येतच नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी म्हणून शेवटचं जेवण कधी झालं ते न पाहता 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची पद्धत पुढे आणली. ती 140 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह. 2014 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत घेतली. गोव्याला तिची गरज जास्त. 2023 साली छापल्या गेलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत प्रौढांमधला मधुमेह इथे 26.4 टक्के निघाला, तर देशात 11.4.

पेज औषध आहे असं मी म्हणणार नाही. शेवटी तो भातच, साखर चढवणारच. पण रात्रीचं लवकर जेवण आणि दुपारआधी एक टेका, ही आजीची घडी होती. सरकारी सूचनाही तीन जेवणं आणि मधली दोन-तीन छोटी खाणी सांगतात. वहिनीच्या पर्समध्ये आई आता एक डबा घालते, मुगाची उसळ आणि उकडलेलं अंडं. तो दहाला उघडायचा, असं वहिनीने सुपरवायझरला सांगून ठेवलंय.