गाडी उभी राहण्याचा प्रश्न आणि गाडी चालण्याचा प्रश्न

खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं असा प्रकल्प वस्तीत येणार म्हटलं की हरकतींच्या अर्जात एक वाक्य हमखास असतं: 'पार्किंग आणि ट्रॅफिकची समस्या वाढेल.' दोन्ही शब्द कायम जोडीनं येतात, त्यामुळे दुखणं एकच वाटतं. बिल्डरच्या हे पथ्यावर पडतं. तो तळघराचा आणखी एक मजला कबूल करतो, लोक समाधानानं घरी जातात, आणि चौकातली कोंडी पूर्वीपेक्षा वाढते.

पार्किंग हा जागेचा हिशेब आहे: एका वेळी किती गाड्या उभ्या आहेत. ट्रॅफिक हा फेऱ्यांचा हिशेब: गर्दीच्या तासात किती गाड्या आत-बाहेर करतात.

एकच जागा घेऊन बघा. ऑफिसच्या माणसानं सकाळी 9 ला गाडी लावली आणि संध्याकाळी 6 ला काढली, की फेऱ्या झाल्या 2. तीच जागा औषधांच्या दुकानासमोर असेल आणि दर 20 मिनिटांनी गाडी बदलत असेल, तर तेवढ्याच वेळात 27 गाड्या, म्हणजे 54 फेऱ्या. आराखड्यात मात्र दोन्हीकडे जागा एकच दिसते. अर्थात ऑफिसवाल्याच्या दोन्ही फेऱ्या ऐन गर्दीत पडतात, औषधं घेणारे दिवसभर विखुरलेले असतात. म्हणून फेऱ्यांसोबत घड्याळही बघावं लागतं.

मिश्र वापरात पार्किंगची सरळ बेरीज फसवी ठरते. समजा, ऑफिसांना दुपारी 60 जागा लागतात आणि घरांना रात्री 80. बेरीज 140. पण दुपारी घरांच्या 30 च गाड्या उभ्या असतील आणि रात्री ऑफिसं बंद असतील, तर 90 जागांत भागतं. अट एकच, जागांवर नावांच्या पाट्या नकोत. पाट्या लागल्या की रात्री ऑफिसच्या 60 जागा कुलपात आणि रहिवाशांच्या गाड्या रस्त्यावर. सुनावणीत मी असतो तर पहिला प्रश्न याच पाट्यांचा विचारला असता.

ट्रॅफिकच्या अहवालात वेगळी वजाबाकी असते. वरच्या मजल्यावरून पायी खालच्या दुकानात येणाऱ्याची फेरी रस्त्यावर धरत नाहीत. जाताजाता थांबणाऱ्यालाही नवी गाडी मानत नाहीत. ही वजाबाकी रास्त आहे, पण सैल हातानं केली की कोंडी कागदावरच विरघळते. शिवाय जाताजाता थांबणारा गाडी फाटकाशी वळवतोच, तिथला ताण काही वजा होत नाही.

फाटकाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. एकाच लेनवर तिकीट घ्यायला गाडीमागे 10 सेकंद लागले, तर मिनिटाला 6 गाड्या आत जातात. मिनिटाला 8 येऊ लागल्या की 20 मिनिटांत 40 गाड्या बाहेर तुंबतात. गाडीमागे 6 मीटर धरले तर 240 मीटरची रांग. आत शंभर जागा रिकाम्या असल्या तरी! इथे आणखी एक तळघर काय कामाचं? फाटक रस्त्यापासून बरंच आत हवं, नाहीतर दुसरी लेन हवी.

उलटंही घडतं: जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या स्वतःच ट्रॅफिक होतात. अमेरिकी नगररचना अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा आग्रह होता, की रस्त्याकडेच्या साधारण 85 टक्केच जागा भरलेल्या राहतील असा दर लावावा, म्हणजे येणाऱ्याला एखादी मोकळी जागा लगेच सापडते. नुसत्या जागा वाढवल्या, तर पायी किंवा बसनं येणाराही गाडी काढतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरानं किमान पार्किंगची सक्ती, म्हणजे बांधकामात निदान इतक्या जागा हव्यातच हा नियम, जवळपास उठवली, तर मेक्सिको सिटीनं त्याच वर्षी किमानऐवजी कमाल मर्यादा घातली.

तेव्हा अर्जात 'पार्किंग आणि ट्रॅफिक' असं एका दमात लिहू नका. एका कागदावर रात्री 10 ला रस्त्यावर किती गाड्या उभ्या असतात ते मोजून लिहा, दुसऱ्यावर सकाळी 9 ला चौकात रांग कुठवर जाते ते.